पोत्यावरची फुलं

दुकानातून आणलेली दहा किलो आट्याची पिशवी रिकामी झाली की तुम्ही काय करता? आमच्याकडे ती आधी झटकली जाते, मग धुतली जाते. पुढे तिच्यात कांदे-बटाटे राहतात आणि अगदीच कामातून गेली की पावसाळ्यात ती स्कूटरच्या सीटवर चढते. माझी कॉलेजात जाणारी लेक यावर नाक मुरडते. तिला गप्प करायला माझ्याकडे आता एक हुकमी गोष्ट आहे. ज्या अमेरिकेतली फॅशन ती मोबाइलवर बघत बसते, त्याच अमेरिकेत एके काळी लाखो बायका आणि त्यांच्या लेकी पिठाच्या नाहीतर कोंबडीखाद्याच्या पोत्यांचे फ्रॉक शिवून घालत होत्या. आणि गंमत म्हणजे ते छान दिसायचे!

पोतं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोचणारं गोणपाट येतं. हे तसलं नव्हे बरं का. तिकडे पूर्वी पीठ, साखर वगैरे लाकडी पिंपांतून विकत. शिलाई यंत्र आलं, पक्की शिवण घालता येऊ लागली, तशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंपांच्या जागी सुती पोती आली. साधारण आपल्या मांजरपाटासारखं कापड. शेतावरच्या बाईच्या हाती असं कापड आयतं आल्यावर ती ते टाकून देईल होय? टॉवेल, अभ्रे, बाळाचे लंगोट, सगळं त्यातून निघायचं. पोत्याचं तोंड शिवलेला दोरासुद्धा उसवून गुंडाळून ठेवायच्या, क्रोशाच्या विणकामाला!

अडचण एकच होती. पोत्यावर गिरणीचं नाव, वजन, चित्र असं सगळं ठसठशीत छापलेलं असायचं. ते घालवायला बायका त्यावर चरबी किंवा रॉकेल चोळून रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी कडक साबणाने घासत बसायच्या. तरी पुसट अक्षरं राहायचीच. मग त्या कापडाच्या चड्ड्या शिवायच्या, म्हणजे पिठाची जाहिरात निदान झाकलेली तरी राहील.

या सगळ्यात माझं मन अडकतं ते या घासण्यापाशी. अंग तर झाकलं गेलं होतं ना? थंडीही भागत होती. पण आपली पोर पोतं घालून शाळेत आलीय हे कुणाला कळू नये, एवढ्यासाठी ती बाई रॉकेलचा वास सोसत होती. हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. गरिबी सोसता येते, ती चारचौघांत उघडी पडलेली सोसवत नाही.

गिरणीवाल्यांच्या हे लक्षात आलं. १९२० च्या दशकाच्या मध्यावर सेंट लुईसमधल्या एका गिरणीने चौकटीच्या रंगीत कापडाच्या पोत्यातून पीठ विकायला काढलं, नाव ठेवलं ‘गिंगम गर्ल’. मग इतरांनीही तोच मार्ग धरला. फुलं, ठिपके, पक्षी, मुलांसाठी चित्रं असे नाना छाप आले. कंपनीचं नाव धुतल्यावर जाईल अशा शाईत किंवा सुटणाऱ्या कागदावर आलं. शंभर पौंडांच्या पोत्यातून वारभराहून थोडं जास्त कापड निघे, म्हणजे बाईच्या एका फ्रॉकला तीनेक पोती लागत. आणि तिन्ही एकाच छापाची हवीत! नवरा कोंबड्यांचं खाद्य आणायला निघाला की बायको त्याच्या हातात कापडाचा तुकडा ठेवणार, ‘याच्याशी जुळणारं आण’ म्हणून. हवं ते पोतं नेमकं थप्पीच्या तळाशी असणार. मॅचिंगसाठी भर उन्हात चार दुकानं पालथी घालणाऱ्या आपण बायकांनी त्या बिचाऱ्या दुकानदाराला हसू नये हे बरं.

कुणी म्हणेल, गिरणीवाले काही दयेपोटी हे करत नव्हते, त्यांना पीठ खपवायचं होतं. अगदी खरं! पण मला तेच आवडतं. ते दान नव्हतं, त्यामुळे मिंधेपणा नव्हता. पैसे मोजून पीठ घेतलं, फुलं त्याच्याबरोबर आली.

या पोत्यांची खरी गरज पडली ती मंदीत. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत तिथे दर चार कामकऱ्यांमागे एक जण बेकार झाला. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर. लोक त्यांच्यावर इतके चिडले की बेघरांच्या झोपडपट्ट्यांना ‘हूवरव्हिल’ म्हणू लागले आणि थंडीत अंगावर ओढायच्या वर्तमानपत्राला ‘हूवर ब्लँकेट’! आता नियतीचा खेळ पाहा. पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, जर्मनीच्या ताब्यातल्या उपाशी बेल्जियमला अन्न पोचवण्याचं काम याच हूवरसाहेबांनी उभं केलं होतं. तिथे गेलेल्या पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर बेल्जियमच्या बायकांनी सुंदर भरतकाम केलं, लेस लावली, आभाराचे शब्द रेशमात भरले आणि ती पोती भेट म्हणून परत पाठवली. आयोवा राज्यातल्या हूवर यांच्या संग्रहालयात ती आजही जपून ठेवलेली आहेत.

कपड्यांचं असं, तर पोटाचं काय? तिथल्या शेतीखात्याने १९२६ पासून रेडिओवर गृहिणींसाठी एक कार्यक्रम चालवला होता. त्यातली ‘आंट सॅमी’ म्हणजे आपल्या अंकल सॅमची बायको. गंमत अशी की, प्रत्येक केंद्रावर वेगळी बाई तीच संहिता वाचायची आणि ऐकणारीला वाटायचं, सॅमीकाकू आपल्याच गावात राहतात! शेतीखात्याच्या गृहशास्त्र विभागाने सुचवलेला त्या काळातला एक पदार्थ म्हणजे पीनट बटर भरून भाजलेले कांदे. तिकडच्यांना तो आज अजब वाटतो. भरल्या वांग्यात आणि कांद्यात दाण्याचा कूट ठासणाऱ्या आपल्याला त्यात काय नवल? सफरचंद नसलेला ‘ॲपल पाय’ही होता. खारी क्रॅकर बिस्किटं साखर-लिंबाच्या पाकात घालायची, दालचिनी टाकायची आणि मैद्याच्या पारीत भरून भाजायची. मी करून पाहिला. दालचिनीच्या वासाने घरातले दोघे तरी फसले.

नव्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी तर मार्च १९३३ मध्ये व्हाइट हाउसमध्येच माणशी साडेसात सेंटचं जेवण वाढलं. टोमॅटोच्या सॉसमधली भरलेली अंडी, कुस्करलेले बटाटे, ब्रेड-लोणी, सुकवलेल्या प्लमचं पुडिंग आणि कॉफी. कॉर्नेल विद्यापीठातल्या गृहशास्त्राच्या बायकांनी बेतलेलं. साधं असलं तरी पानात वाढायला लाज वाटू नये, असं. ज्यांना तेही परवडत नव्हतं ते डँडेलियनच्या, म्हणजे अंगणातल्या पिवळ्या फुलांच्या तणाच्या, पानांची कोशिंबीर करत. क्लारा कॅनुचियारी नावाच्या आजी (१९१५-२०१३) हे सगळं लहानपणी खाल्लेल्या. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी नातवाच्या कॅमेऱ्यापुढे ते पदार्थ करून दाखवले आणि इंटरनेटवर जगभर प्रसिद्ध झाल्या. ओक्लाहोमात धुळीची वादळं उठली आणि पिकं गेली, तेव्हा लोकांनी काटेरी रशियन थिसलही मिठाच्या पाण्यात मुरवून खाल्लं. काउबॉयच्या सिनेमात रस्त्यावरून गडगडत जाणारं वाळकं झुडूप असतं ना, तेच ते, कोवळं असताना.

हे मी सासूबाईंना सांगत होते. त्या मराठवाड्यातल्या, १९७२ च्या दुष्काळात नुकतंच लग्न झालेलं, खडी फोडायच्या कामावर जायच्या. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो त्यांनी खाल्लेली. ती मिलोही अमेरिकेतूनच आलेली. ‘भाकर थापाया गेलं की तुटायची,’ म्हणतात. पोत्याची अक्षरं घासणाऱ्या बायकांबद्दल ऐकून त्या म्हणाल्या, ‘त्यात काय नवं? दोन जुन्या लुगड्यांची चांगली टोकं जोडून एक करायचं. मधी दंड यायचा शिवणीचा. तो निऱ्यात दडंल असंच नेसायचं बघ.’

पन्नास वर्षांनंतरही त्यांना भाकरीइतकाच तो दंड आठवतो. मग आपण जुने कपडे देताना काय देतो? २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानंतर आम्ही काही जणी सांगलीकडे गेलो होतो. एका शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचे ढीग पडले होते. नाडी नसलेले परकर, हुक तुटलेले ब्लाउज, काखेत उसवलेले गाऊन, टिकल्या लावलेला एक घागरा. एका बाईंनी डाग पडलेली साडी उचलली, उलगडून पाहिली, नीट घडी घालून परत ठेवली आणि ‘राहू दे ताई’ म्हणून अंगावरच्या ओल्या साडीतच निघून गेल्या. कपडे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण कपाट रिकामं करणं आणि माणसाला कपडा देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

परत आल्यावर आमच्या बचत गटाने जुने कपडे घ्यायला सुरुवात केली. आले की तीन ढीग करायचे. घालण्याजोगे धुऊन इस्त्रीला, दुरुस्तीचे शिलाईला आणि उरलेले गोधडीला. नाड्या-हुक-बटणांचा खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागतो. कपडे फुकट वाटायचे नाहीत, हे गटातल्या बायकांनीच ठरवलं. महिन्यातून एकदा वस्तीतल्या समाजमंदिरात हँगरला लावून विकतो, दहा रुपयांपासून पन्नासपर्यंत. आरसा एका मेंबरने घरून आणून ठेवलाय, सगळ्यात जास्त गर्दी त्याच्यापुढे असते.

अमेरिकेत पुढे कागदाची आणि प्लॅस्टिकची पोती आली आणि कापडी पोती संपली. तरी १९५९ सालीसुद्धा कॅन्ससमधल्या एका बाईंनी पोत्याच्या कापडाचा असा सुरेख फ्रॉक शिवला की आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिथे सुती पोत्यांपासून कपडे शिवण्याच्या स्पर्धाच भरायच्या.

आमच्याकडे स्पर्धा नाही, घासाघीस आहे. गेल्या दिवाळीआधी धुणीभांडी करणारी एक जण लेकीला घेऊन आली. लेकीने जांभळा कुर्ता निवडला, तीस रुपयांचा. आईने तो उलटा करून शिवण तपासली, उजेडात नेऊन रंग पाहिला आणि ओढणी मॅचिंग नाही म्हणून पाच रुपये कमी करायला लावले.