पासिंग नसलेल्या गाड्या

सकाळी 8

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकेक शटर वर जातं तसा ग्राइंडरचा आवाज वाढत जातो. आमच्या गॅरेजच्या दारात एक छोटा हत्ती आधीच येऊन उभा. परवा त्याचं पासिंग आहे. मालकाला यादी तोंडपाठ आहे: रिफ्लेक्टर, हॉर्न, इंडिकेटर, हँडब्रेक, मागचे दिवे. धंद्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा आणि पुढे दरवर्षी तपासणीला उभं राहावंच लागतं. त्यामुळे वर्षभर काही का होईना, पासिंगच्या आधी गाडी एकदा तरी नीट होते.

खासगी मोटारीचं तसं नाही. नोंदणी झाली की पंधरा वर्षं तिला पासिंग नाही. पीयूसीवाला धूर बघतो, विमा कंपनी कागद बघते. ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांच्याकडे बघायचं काम चावी ज्याच्या खिशात त्याचं. नवीन लायसन्स काढलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो, कारण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच सोडायला शिकवतात, बॉनेट उघडायला सहसा कुणी शिकवत नाही.

सकाळी 9.30

कागलच्या अलीकडून एक गाडी टोइंग होऊन आली. चालवणारा कॉलेजचा मुलगा, चेहरा उतरलेला. हायवेवर ऑइलचा लाल दिवा लागला, म्हणून गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि तिथूनच फोन केला म्हणाला. गाडी रॅम्पवर घेतली तर चेंबरला दगड लागून तडा गेलेला, ऑइल जवळजवळ संपलेलं. त्याला जवळ बोलावून ऑइलची पट्टी दाखवली. टोकाला नुसता ओशट डाग होता. आणखी दोन-चार किलोमीटर तशीच रेटली असती तर बेअरिंग धरलं असतं आणि इंजिन उतरवावं लागलं असतं.

"म्हणजे मी बरोबर केलं?" त्यानं विचारलं.

शंभर टक्के बरोबर केलं. पिवळा दिवा लागला तर गाडी सांभाळून गॅरेजपर्यंत आणता येते. लाल दिवा, मग तो ऑइलचा असो, ब्रेकचा असो की तापमानाचा, लागला की थांबायचं. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं कूलंट तोंडावर येतं.

मधे एक फोन. पलीकडच्या माणसानं नुकतीच गाडी घेतली आहे आणि समृद्धी महामार्गानं नागपूरला जायचं आहे. ऊन फार आहे तर हवा थोडी कमी ठेवू का, हा प्रश्न. हा समज कुठून पसरला देव जाणे, पण तो घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, दर फेऱ्याला वाकते आणि त्यानंच टायर तापतो. काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगात तो गार व्हायला उसंत मिळत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर पुढची-मागची हवा लिहिलेली असते. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. तेवढीच भरायची, सकाळी टायर गार असताना, आणि स्टेपनीची विसरायची नाही.

सकाळी 11

आजचं मोठं काम आत्ता आलं. आरोग्य खात्यात नर्स असलेली एक मुलगी आणि तिचे वडील. नोकरी गगनबावडा तालुक्यात, घर वैभववाडीकडे. म्हणजे दर आठवड्याला करूळ घाट उतरायचा आणि चढायचा. लायसन्स गेल्या महिन्यातलं. गाडी नात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची, 2016ची, 28,000 किलोमीटर चाललेली.

"मिस्त्री, गाडी चाललेलीच नाही," वडील म्हणाले. "आरसी, विमा, पीयूसी सगळं चालू आहे. फक्त ऑइल बदला आणि धुऊन द्या."

अशा गाड्यांना मी जास्त वेळ देतो. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, असं सगळेच धरून चालतात. पण सर्व्हिस बुकात प्रत्येक कामापुढे दोन आकडे असतात, किलोमीटर आणि महिने, त्यातला जो आधी येईल तो धरायचा. उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नसले तरी रबर कडक होतं, तेलात ओल शिरते, गंज चढतो.

चारही चाकं उतरवली. टायरची नक्षी छान खोल होती. कायद्यानं मोटारीच्या टायरला 1.6 मिलिमीटर खोली लागते, इथं त्याच्या तिप्पट तरी असेल. वडिलांनी समाधानानं हात फिरवला. मी मुलीला टायरच्या बाजूचे चार आकडे पुसून दाखवले: 2216. 2016 सालातला बाविसावा आठवडा. टायर गाडीबरोबर आलेले, तेच अजून आहेत. मग बाजूच्या रबरावर अंगठा दाबायला सांगितला. बारीक बारीक भेगा उघडल्या.

"नक्षी आहे की अजून," वडील म्हणाले.

"नक्षी आहे काका, पण रबर मेलंय. पावसात ब्रेक मारला की हे घसरणार."

मग ब्रेक. बाहेरून डोकावलं तर डाव्या चाकाचा पॅड अजून सहा मिलिमीटर दिसत होता. कॅलिपर खोलला तेव्हा आतला पॅड दोनवर आलेला. पिन गंजून धरल्यामुळे दाबलेला कॅलिपर मागे सरकत नव्हता आणि आतला पॅड सतत डिस्कला घासत राहिला होता. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनच्या खाली आम्ही ठेवत नाही. पोऱ्यानं पिन काढून घासल्या, ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं, आणि त्या बोटानं सरकायला लागेपर्यंत मी पुढच्या कामाला हात लावू दिला नाही.

ब्रेक ऑइलची टाकी उघडली. तेल काळपट, बिनदुधाच्या चहासारखं. त्यात टेस्टर बुडवला आणि लाल दिवा लागला. इथं मी कामाचा वेग मुद्दाम कमी केला, कारण घाटात जाणाऱ्यानं ही एक गोष्ट तरी नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट 4 तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरली की हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. उतारावर पाय सतत ब्रेकवर असला की डिस्क तापते, ती उष्णता तेलापर्यंत पोचते, तेल उकळून वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर, शहरात, हे कधीच कळत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हे तेल बदलायचं, गाडी चालो न चालो.

मुलगी सगळं मोबाइलवर लिहून घेत होती. वडील गप्प झाले होते. मग म्हणाले, "करा, जे लागेल ते करा."

दुपारी 2

डबा. तेवढ्यात छोटा हत्ती तयार झाला.

दुपारी 3

पावसाळ्याची कामं. वायपरचं रबर, वॉशरचं पाणी, दिवे. काच आतून धुकटली की नवीन चालक काच खाली करतो किंवा फडक्यानं पुसतो. त्यापेक्षा एसी लावून वारा समोरच्या काचेवर सोडायचा, अर्ध्या मिनिटात दिसायला लागतं. ब्रेक लाइट एकट्यानं बघायचा असेल तर अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून पेडल दाबायचं, आरशात सगळ्या ब्रेक दिव्यांचा उजेड दिसला पाहिजे.

संध्याकाळी 5.30

नर्सबाईंची गाडी नव्या टायरवर उभी आहे. देण्याआधी तिला एक चाक स्वतः बदलायला लावलं. वडील पुढे सरसावले, त्यांना मी हातानं थांबवलं. तिनं हँडब्रेक ओढला, दुसऱ्या चाकाला दगड लावला. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, जॅक नंतर, हे सांगावं लागलं. पाना हातानं हलेना, तेव्हा तिनं पान्याच्या दांड्यावर पाय ठेवून भार दिला आणि नट सुटला. आवळताना शेजारचा नट न घेता समोरचा घेत गेली.

मग ट्रायल. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात तिनं जोरात ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली, कुठल्याच बाजूला ओढली नाही. चढावर हँडब्रेकवर उभी करून पाहिली, हलली नाही. उतरताना तिला सांगितलं, ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जायचं नाही.

संध्याकाळी 7

हिशेब झाला. चार टायर धरून बिल मोठं झालं होतं, पण वडिलांनी एकही ओळ कमी करायला लावली नाही. जुने पॅड आणि फिल्टर पिशवीत घालून त्यांच्याच हातात दिले. पैसे ज्याचे गेले त्यानं जुना माल डोळ्यांनी पाहायलाच हवा.

"ताई, चाकं नव्यानं बसवलीत. गगनबावड्याला जाऊन आलात की शंभर किलोमीटर होतील. तेव्हा घाट उतरायच्या आधी नट पुन्हा आवळून घ्या. इकडं आलात तर आम्ही बघू, त्याचे पैसे नाहीत."

"पाना आहे की गाडीत," ती म्हणाली. "मीच आवळते."