स्वभावातील बळ आणि मनाचे आरोग्य

विसाव्या शतकात मनोविकारांची लक्षणे आणि वर्गवारी यांचा इतका बारकाईने अभ्यास झाला की, मन निरोगी कशामुळे राहते हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे १९९८ सालचे अध्यक्ष मार्टिन सेलिगमन यांनी याच प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष वेधले आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांच्यासह २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जिज्ञासा, चिकाटी, दयाळूपणा, क्षमाशीलता, कृतज्ञता अशा २४ गुणांची मांडणी केली. सुरेल गळा ही देणगी असते. हे गुण मात्र नैतिकदृष्ट्या मोलाचे मानले जातात आणि सरावाने वाढू शकतात. त्यांपैकी जे वापरताना माणसाला हुरूप येतो आणि जे त्याला आपल्या स्वभावाचा गाभा वाटतात, त्यांना त्या व्यक्तीचे ठळक गुण म्हणतात.

या दोघांनी सहकाऱ्यांसह २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७७ जणांनी इंटरनेटद्वारे भाग घेतला. एका गटाने आपले पाच ठळक गुण ओळखून ते आठवडाभर अधिक वेळा वापरायचे होते, तर दुसऱ्या गटाने त्यांपैकी एखादा गुण रोज नव्या रीतीने वापरायचा होता. पहिल्या गटाला झालेला लाभ लवकरच ओसरला. दुसऱ्या गटात मात्र वाढलेले समाधान आणि घटलेली नैराश्याची लक्षणे सहा महिन्यांनंतरही दिसून आली. गुणांची यादी हाती येणे ही केवळ सुरुवात असते, हा या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष मानावा लागेल. आजारी आईची मायेने शुश्रूषा करणारी मुलगी स्वतःच्या चुकांबाबत मात्र अत्यंत कठोर असेल, तर तिच्यातील दयाळूपणा स्वतःकडे वळवणे हा त्याचा नवा वापर ठरतो, आणि त्यासाठी तिला अंगी नसलेले काही उसने आणावे लागत नाही. अर्थात गुणाचा अतिरेकही घातक असतो, कारण तारतम्य सुटलेला प्रामाणिकपणा समोरच्याला दुखावतो आणि कोठे थांबावे हे न कळणारी चिकाटी माणसाला झिजवते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. कॅनडातील संशोधकांनी २०१२ साली हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा गुणांचा वापर करणाऱ्यांचे समाधान वाढले खरे. परंतु तुलनेसाठी घेतलेल्या, केवळ बालपणीच्या सुखद आठवणी लिहिणाऱ्या गटातही तितकीच वाढ आढळली. म्हणजे लाभाचा काही भाग मनाला चांगल्या गोष्टींकडे वळवण्यातूनच येत असावा. त्यामुळे गुणांचा सराव हा मनाला आधार देणारा पूरक उपाय आहे, औषधाचा किंवा समुपदेशनाचा पर्याय नाही. खिन्नता, निद्रानाश किंवा निराशा दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर असे साहाय्य विनामूल्य मिळते.