शेपटीचा निरोप

मराठीच्या प्राध्यापकाने बेडकावर लेख लिहिलेला पाहून आमच्या महाविद्यालयातले प्राणिशास्त्रवाले मित्र हसतील, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, माणसाला कधी कुणाच्या दारी जावे लागेल याचा नेम नसतो. मला बेडकाच्या दारी नेले ते माझ्या भाचीने.

मी बारामतीला असतो, धाकटी बहीण इंदापूरला. तीन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. बाळ दिसायला चांगले गुटगुटीत. पण टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांनी निराळेच सांगितले. गळ्यातली अवटू ग्रंथी, जिला आपण सारे थायरॉइड म्हणतो, ती आपले काम करीत नव्हती. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. रोज, एकही दिवस न चुकता, कुस्करून द्यायची. बहीण मला म्हणाली, “दादा, एवढीशी ही गोळी. हिच्यानं माझ्या पोरीचं सगळं नीट होईल ना रे?”

मी “होईल” म्हणालो खरा. पण ते भावाचे उत्तर होते, जाणत्याचे नव्हते. घरी आल्यावर पुस्तके उघडली, आणि पाहतो तो पानापानांवर बेडूक!

आमचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. कालव्याच्या पाण्यावर ऊस डोलतो, पण आभाळातले पाणी बेताचेच. एखादी सर कोसळते, डबके साचते, आणि त्यात बेडूकमाशांची काळी वळवळ सुरू होते. मग शर्यत लागते : पाणी आधी आटते, की पाय आधी फुटतात? काही जातींच्या बेडूकमाशांत तर डबके आटू लागले की हा बदल आपोआप वेग घेतो.

हा बदल घडवतो कोण? १९१२ साली गुडरनाच नावाच्या संशोधकाने बेडूकमाशांना जनावरांची अवटू ग्रंथी खाऊ घातली. त्यांची वाढ थांबली आणि वेळेआधीच त्यांचे इवलाले बेडूक झाले. पुढे चार वर्षांनी अॅलन यांनी उलट केले. बेडूकमाशांची ती ग्रंथीच काढून टाकली. ते वाढले, चांगले थोराड झाले. पण जन्मभर बेडूकमासेच राहिले. ग्रंथीतून रक्तात उतरणारे संप्रेरक म्हणजे थायरॉक्सिन. त्याच्या रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. आपल्या स्वयंपाकघरात आयोडिनयुक्त मीठ येते ते याचसाठी.

आता खरी गंमत पाहा. संप्रेरक एकच, पण त्याने पाय फुटतात, कल्ले जातात, शेवाळ खाणारे लांबलचक आतडे आखूड होते, आणि शेपटी विरून जाते. हे कसे? घरात “दिवाळी चार दिवसांवर आली” एवढेच कुणी म्हणावे. की आई अनारशांच्या पिठाकडे वळते, वडील जळमटे काढायला शिडी शोधतात, आणि मुले किल्ल्यासाठी माती आणायला धावतात. शब्द एकच, काम ज्याचे त्याचे. पेशींचेही तसेच. प्रत्येक पेशीत जनुके तीच, पण कोणती उघडायची हे त्या त्या अवयवानुसार ठरते.

शेपटीचे रहस्य उलगडण्यात आपल्या मुंबईत १९३० साली जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव जमशेद टाटा. लंडनला काम करताना १९६६ साली त्यांनी बेडूकमाशाच्या तोडलेल्या शेपट्या काचपात्रात जगवल्या. संप्रेरक घातले, शेपट्या आक्रसू लागल्या. मग आरएनए किंवा प्रथिने तयार होऊच नयेत अशी द्रव्ये घातली, तर शेपट्या जशाच्या तशा! म्हणजे विरून जाणे हेसुद्धा एक कामच. त्यासाठी जनुके जागी व्हावी लागतात, नवी प्रथिने घडावी लागतात.

जनुकांना जागे करणारा पहारेकरी १९८६ साली सापडला. हा ग्राही म्हणजे एक प्रथिन. तो जनुकापाशी आधीपासूनच बसलेला असतो. संप्रेरक नसेल तर तोच दार लावून धरतो. संप्रेरक येऊन त्याला चिकटले की तोच दार उघडतो. यातही क्रम कसा, पाहा! पाय थोड्याशा संप्रेरकाने फुटतात, शेपटीला मात्र भरपूर लागते. म्हणून पोहण्याचे साधन जाण्याआधी चालण्याचे साधन आलेले असते. आपल्या भाषेत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पायांना मिळतो तो पहिला, शेपटीला मिळतो तो दुसरा.

माणसाच्या बाळाला शेपटी टाकायची नसते. पण त्याच्या मेंदूच्या घडणीला हेच संप्रेरक लागते, आणि तेही वेळेवर. भाचीच्या गोळीत थायरॉक्सिनच आहे, बेडूकमाशाच्या रक्तात असते तेच. मेंदू घडवणारी जनुके तिच्याजवळ होतीच. निरोप्या तेवढा आला नव्हता. तो आता रोज सकाळी चमच्यातून येतो.

यंदाच्या पावसाळ्यात इंदापूरला गेलो, तर भाचीने बोट धरून मला परसातल्या डबक्याशी नेले. “मामा, याला दोन पाय आले!” मी वाकून पाहिले. मागचे दोन फुटले होते, शेपटी शाबूत होती. “पुढचे कधी येणार?” तिने विचारले. तेवढ्यात आतून बहिणीची हाक आली, “दादा, तिला आण रे, गोळी राहिलीय!”

या खेपेला मी तिला बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर नीट समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि ऐकता ऐकता चमच्यातले पाणी ढवळत राहिली.