आभासी जगातही पांढरी काठी!

डोळ्यांवर जाडजूड चष्म्यासारखे यंत्र चढवले, की माणूस घरबसल्या हिमशिखरावर जाऊन पोहोचतो. ही व्हर्च्युअल रिॲलिटीची, म्हणजे आभासी वास्तवाची किमया! पण ज्याला दिसतच नाही, त्याला या यंत्राचा काय उपयोग, असा प्रश्न कुणालाही पडेल.

त्याचे उत्तर सापडले अंध व्यक्तीच्या रोजच्या सोबतिणीत, पांढऱ्या काठीत. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘केनट्रोलर’ हे उपकरण जगासमोर ठेवले. खोली रिकामीच असते. पण हातातली काठी फिरवताना ती आभासी टेबलाला लागली, की अंगावर बांधलेला ब्रेक तिला तिथेच अडवतो. हाताला कंप जाणवतो आणि ज्या दिशेला टेबल आहे, त्याच दिशेने आवाज ऐकू येतो. काठी फिरते तो पृष्ठभाग बदलला, की कंपही बदलतो.

नऊ अंध व्यक्तींनी ही काठी वापरून पाहिली. त्यांना दिलेल्या प्रसंगांपैकी एक होता रस्ता ओलांडण्याचा. खरे मोल आहे ते इथेच. खऱ्या रस्त्यावर एक चूक जिवावर बेतू शकते. आभासी रस्त्यावर मात्र दहादा चुकावे, दहादा शिकावे. केसालाही धक्का लागत नाही!

ज्यांना अंधुक दिसते, त्यांची गरज निराळी. त्यांच्यासाठी २०१९ मध्ये ‘सीइंग व्हीआर’ हा १४ साधनांचा संच तयार झाला. त्यातले एक साधन दृश्य मोठे करून दाखवते, एक वस्तूंच्या कडा ठळक करते, तर एक अक्षरे वाचून दाखवते. यांपैकी नऊ साधने आधीच तयार असलेल्या कार्यक्रमांनाही जोडता येतात. उरलेल्या पाचांसाठी मात्र कार्यक्रम बनवणाऱ्यानेच थोडे कष्ट घ्यावे लागतात. उदाहरणार्थ, समोरची वस्तू कोणती, हे त्याने आधी लिहून ठेवले, तरच यंत्र ते बोलून सांगणार.

केनट्रोलर हा प्रयोगशाळेतला नमुना होता, दुकानात मिळणारी वस्तू नव्हे. तरीही त्याने एक गोष्ट दाखवून दिली: जग केवळ डोळ्यांनीच कळते असे नाही. ते कानांना ऐकू येते, हातांना जाणवते. इमारत बांधतानाच जिन्याशेजारी उतार ठेवला, तर पुढे तोडफोड करावी लागत नाही. आभासी जग उभारणाऱ्यांनीही एवढे भान पहिल्या दिवसापासून ठेवायला हवे.