वाकडं छत आणि पुट्टीचा मोह

दिवसा पाहिलं तर छतात खोट काढायला जागा नसते. संध्याकाळी कडेच्या खाचेतल्या एलईडी पट्ट्या लागल्या, की त्याच छतावर लाटा, पट्टे आणि फुगवटे उमटतात. मग कारागिराला फोन जातो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं : ‘पुट्टीचा एक हात मारतो, काही दिसणार नाही.’ फ्लॅटमधल्या फॉल्स सीलिंगबद्दलचे निम्मे गैरसमज या एका वाक्यात आहेत. वाकडेपणा पृष्ठभागावर दिसतो, पण तो तिथेच जन्मलेला असतो असं नाही.

‘काल नव्हतं, आज छत वाकडं झालं’

बहुतेक वेळा छत बदललेलं नसतं, दिवा बदललेला असतो. छताच्या मधोमध टांगलेल्या दिव्याचा प्रकाश पसरून येतो आणि बारीक उंचवटे झाकून टाकतो. खाचेतला दिवा छताला घासत जातो. प्रकाश छताशी ५ अंशांचा कोन करत असेल, तर १ मिलिमीटरच्या उंचवट्याची सावली ११ मिलिमीटरहून लांब पडते. म्हणून दोष शोधायची पद्धतही हीच : खोलीत अंधार करा, टॉर्च भिंतीलगत छताला टेकवून आडवी धरा आणि दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. मग ६ फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी छताला लावून मधली फट मोजा. फट दोन-तीन मिलिमीटरच असेल, तर माझ्या मते आधी दिव्याची जागा बदलून पाहावी. छत फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नवीन काम असेल तर शेवटचा पेपर मारताना कारागिराला त्याच दिव्याखाली उभं करा. ट्यूबलाइटच्या उजेडात मंजूर केलेलं छत खाचेतला दिवा नामंजूर करतो.

‘स्लॅब सरळ, म्हणून सीलिंगही सरळ’

आरसीसी स्लॅब सरळ नसतो, तो तसा असावा अशी अपेक्षाही नसते. सेंटरिंगच्या प्लेटा वरखाली बसतात. काँक्रीट स्वतःच्या वजनाने थोडं वाकतं आणि पुढची काही वर्षं सावकाश वाकत राहतं. ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकात एकूण वाकाची मर्यादा गाळ्याच्या लांबीच्या २५०व्या भागाइतकी धरली आहे. म्हणजे १२ फुटी गाळ्याला साधारण १५ मिलिमीटर. इतका वाक धोक्याचा नसतो.

धोका वेगळाच आहे. ‘स्लॅबपासून सहा इंच खाली’ असं जागोजागी मोजून सांगाडा टांगला, तर स्लॅबचा सगळा वाकडेपणा जसाच्या तसा खाली उतरतो. पातळी स्लॅबवरून नाही, भिंतीवरून घ्यायची असते. लेझरने किंवा पाण्याच्या लेव्हल ट्यूबने खोलीभर एक रेघ मारायची, तिच्यावर कडेचा चॅनल ठोकायचा, आरपार दोऱ्या ताणायच्या आणि प्रत्येक टांगणीची लांबी दोरीप्रमाणे वेगवेगळी ठेवायची.

‘जिप्सम बोर्ड दमट हवेत आपोआप लोंबतो’

कोकणपट्टीत हे हमखास ऐकू येतं. पाण्याने भिजलेला बोर्ड लोंबतो, यात शंका नाही. पण कोरड्या खोलीत बोर्ड झोळीसारखा खाली आला असेल, तर आधी सांगाडा तपासा. नेहमीचा १२.५ मिलिमीटर जाडीचा बोर्ड लावताना सीलिंग सेक्शनमधलं अंतर साधारण ४५७ मिलिमीटर, म्हणजे दीड फूट ठेवतात. त्यांना आडवं धरणाऱ्या वरच्या चॅनलमधलं अंतर १,२२० मिलिमीटर, म्हणजे चार फूट. साहित्य वाचवायला दीड फुटांचे दोन फूट झाले, की दोन आधारांच्या मधला बोर्ड हळूहळू खाली येतो आणि खोलीभर समांतर लाटा दिसू लागतात.

छताचा आकार असा बोलका असतो. एका ओळीत साधारण नऊ-नऊ इंचांवर गोल टिकल्या उठल्या असतील, तर ते स्क्रू आहेत : बोर्ड सांगाड्याला घट्ट बसला नाही, किंवा स्क्रू जास्त आवळून वरचा कागद फाटला. सरळ रेषेत चार किंवा सहा फुटांवर चीर असेल, तर तो बोर्डांचा सांधा आहे. चीर नाही पण रुंद उंचवट्याचा पट्टा आहे, असं असेल तर तिथे बहुधा कापलेल्या कडा एकमेकींना भिडल्या आहेत. कारखान्यातून येणाऱ्या लांब कडा टेप बसावा म्हणून उतरत्या केलेल्या असतात; कापलेल्या कडेला तो उतार नसतो, त्यामुळे टेप आणि मसाला वर उचललेला राहतो. पंख्याभोवती गोल चीर असेल, तर पंख्याचा रॉड बोर्डाला टेकतो आहे का ते पाहा. पंखा स्लॅबमधल्या हुकालाच टांगलेला हवा, सीलिंगच्या सांगाड्याला कधीच नाही.

‘पुट्टीने सगळं बसतं’

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पातळ थरासाठी असते. दोन हात मिळून तिची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते. दहा मिलिमीटरचा खळगा तिने भरला, तर छतावर वजन वाढतं, थर तडकतो आणि कधीतरी पोपडा होऊन गादीवर पडतो. शिवाय ओलाव्यात सिमेंट आणि जिप्सम यांची रासायनिक क्रिया होऊन फुगणारे क्षार तयार होतात, म्हणून गळतीच्या जागी ही जोडी फार काळ टिकत नाही.

दुरुस्ती दोषाप्रमाणे करावी लागते. कामाआधी एमसीबी बंद करा, कारण बोर्डाच्या वरून वायरी गेलेल्या असतात. मास्क आणि चष्माही घाला. उठलेल्या स्क्रूसाठी बोर्ड हाताने वर दाबून, जुन्या स्क्रूपासून दीड-दोन इंचांवर नवा स्क्रू मारा, मग जुना काढून भोक भरा. चिरलेल्या सांध्यातला सुटा मसाला खरवडून जॉइंटिंग कंपाउंडमध्ये कागदी टेप दाबून बसवा. त्यावर दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, शेवटचा सुमारे एक फूट. कापलेल्या कडांच्या सांध्यावर हीच रुंदी दोन फुटांपर्यंत न्यावी लागते. उंचवटा जात नाही, पण इतका पसरतो की डोळ्याला जाणवत नाही. पावसाळ्यात प्रत्येक हात वाळायला जास्त वेळ लागतो. ओल्यावर ओलं चढवलं तर दिवाळीपर्यंत सांधा पुन्हा बसलेला दिसेल. लोंबलेल्या बोर्डाला मात्र उपाय एकच : तो उतरवा, सांगाड्यात सेक्शन आणि टांगण्या वाढवा, नवा तुकडा लावा. एकदा वाकलेला बोर्ड सरळ होत नाही.

‘पिवळा डाग आहे, रंग मारला की झालं’

डाग म्हणजे वर पाणी आहे. हिरवट रंगाचा ओलावारोधक बोर्डही सततच्या गळतीसाठी बनवलेला नसतो. तो न्हाणीघराच्या वाफेपुरता. आधी पाणी बंद, मग वाळवण, मग दुरुस्ती. खर्च कोणाचा, यावर सोसायटीत भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती ही संस्थेची जबाबदारी आहे. वरच्या फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची अंतर्गत गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते.

सीलिंगचा खरा तोटा इथे आहे : ते स्लॅब झाकतं. काँक्रीटमधली सळई गंजली की तिचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि खालचा गिलावा व काँक्रीट ढकलून पाडतो. तो ढपला सीलिंगवर पडून राहिला, की खालून एवढंच दिसतं, ‘एका कोपऱ्यात छत जरा खाली आलंय.’ तपकिरी डाग, ठोकल्यावर येणारा बद्द आवाज, एका कोपऱ्यात अचानक आलेला झोल यांपैकी काहीही दिसलं, तर पीओपीवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तुमच्या इमारतीत ऑडिटसाठी माणसं आली, तर ‘आमच्याकडे सीलिंग आहे’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. एक बोर्ड उतरवून स्लॅब दाखवा. आणि नवं सीलिंग करणार असाल, तर बाथरूमशेजारी दीड फुटाची उघडणारी झडप आताच ठेवून घ्या.