मोडीतली मोटार

बदलापूरच्या पश्चिम भागात हेंद्रेपाडा नावाची वस्ती आहे. उल्हास नदी तेथून फार दूर नाही. मोठा पूर आला म्हणजे नदीचे पाणी या भागातील सखल रस्त्यांवर शिरते. बदलापूरजवळ याच नदीवर बंधारा बांधलेला असून तेथून शहराला पिण्याचे पाणी पुरविले जाते.

अशा वस्तीतील एखाद्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी मोटार उभी आहे, अशी कल्पना करा. तिच्या चाकांतील हवा गेली आहे, पत्रा गंजला आहे आणि टपावर मांजर निजले आहे. तिचा मालक म्हणतो, "आता हिची किंमत शून्य!" त्याचे हे म्हणणे खरे आहे काय?

फुटके तांब्यापितळेचे भांडे आपल्याकडे कोणी उकिरड्यावर टाकीत नसे. ते कासाराच्या दुकानी नेत, वजन करून त्याची मोड देत आणि वर थोडी रक्कम भरून नवे भांडे घरी आणीत. सोनारही आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या घडवितो. पाटल्या जातात, परंतु सोने जात नाही. वस्तू मोडते, धातू मोडत नाही. हा घरगुती शहाणपणा मोटारीलाही लागू पडतो. मोटारीच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लोखंड व पोलाद यांचा असतो. त्याखेरीज तिच्यात ॲल्युमिनियम, तांबे, शिसे, काच, रबर आणि प्लास्टिक असते. धूर शुद्ध करण्याच्या उपकरणात तर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो.

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेली काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी आपल्या वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होत असे. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात अखेरच्या पद्मिनी टॅक्सीने रस्त्याचा निरोप घेतला. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्यांची मोठी बाजारपेठ आहे. तेथील कारागीर गाडी खोलतात, दरवाजा, दिवा, गिअरपेटी असे उपयोगी भाग वेगळे करतात आणि ते दुसऱ्या गाडीच्या कामी येतात. भाग आहे तसाच पुन्हा वापरणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय, कारण त्यासाठी भट्टी पेटवावी लागत नाही.

उरलेल्या सांगाड्याचे काय होते, ते आता क्रमाने पाहू. मोटार मोडण्याचे काम नीट करावयाचे असेल, तर प्रथम तिच्यातील द्रवपदार्थ काढून घेतात. इंधन, इंजिनातील वंगण, ब्रेकचे तेल आणि थंड हवेच्या यंत्रातील वायू हे निरनिराळ्या भांड्यांत साठवितात. त्यानंतर बॅटरी काढतात. तिच्यात शिसे आणि गंधकाम्ल असते. शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत घालता येते. परंतु त्याची धूळ व वाफ विषारी असून लहान मुलांच्या मेंदूला ती विशेष अपाय करते. पुढे चाके, काचा, आसने आणि तारा निघतात. शेवटी उरलेला पत्रा यंत्राने दाबून त्याचे गठ्ठे बांधतात, किंवा त्याचे तुकडे करून चुंबकाने लोखंड निवडून घेतात. हे लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे नवे पोलाद करतात.

येथे एक प्रश्न कोणीही विचारील. सगळी गाडी एकदम भट्टीत का टाकू नये? याचे उत्तर तांब्यात आहे. मोटारीतील तारा तांब्याच्या असतात. पोलादात तांबे मिसळले, तर तापलेले पोलाद लाटताना त्याच्या पृष्ठभागावर भेगा पडतात. आणि एकदा वितळलेल्या पोलादात शिरलेले तांबे बाहेर काढणे अतिशय कठीण असते. वरणात मीठ अधिक पडले, तर ते वेचून काढता येत नाही. आणखी डाळ घालून वरण वाढवावे लागते. तसेच येथेही नवे शुद्ध लोखंड घालून तांब्याचे प्रमाण कमी करावे लागते. म्हणून भट्टीपूर्वीची निवड जितकी काळजीपूर्वक, तितके पुढचे पोलाद चांगले.

या श्रमाचे फळही मोठे आहे. जुने पोलाद वितळविले, म्हणजे तेवढ्यापुरते डोंगर खोदून खनिज आणावे लागत नाही व कोळसाही कमी लागतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर खनिजापासून नवा धातू करण्यास जी ऊर्जा लागते, तिच्यातील सुमारे ९५ टक्के जुना धातू वितळविल्याने वाचते.

असे असले, तरी प्रत्येक पदार्थ इतका आज्ञाधारक नसतो. टायरचे रबर गंधकाबरोबर तापवून पक्के केलेले असते. ते मेणासारखे पुन्हा वितळत नाही. त्याचा चुरा करून तो डांबरात मिसळतात. अनेक जातींचे प्लास्टिक एकत्र चिकटविलेले असले, म्हणजे ते वेगळे करणे अवघड जाते.

याहून गंभीर गोष्ट माणसांची आहे. उघड्यावर मोटार मोडणाऱ्यांच्या हातात मोठे कसब असते, पण अंगावर संरक्षण नसते. तांब्यासाठी तारा जाळल्या, की विषारी धूर त्यांच्याच छातीत जातो. बॅटरी हाताने फोडली, की आम्लाने कातडी भाजते. सांडलेले तेल पहिल्या पावसाबरोबर गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत उतरते. नदीकाठच्या गावाला याची झळ लागल्यावाचून राहत नाही.

या कामाला शिस्त लागावी, म्हणून भारत सरकारने २०२१ साली जुनी वाहने नोंदणीकृत केंद्रांत मोडण्याचे धोरण आखले. पुढे १ एप्रिल २०२५ पासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार वाहने बनविणाऱ्या कंपन्यांवरच जुन्या वाहनांची जबाबदारी टाकण्यात आली. पूर्वी विकलेल्या गाड्यांत जितके पोलाद वापरले होते, त्याच्या किमान ८ टक्के पोलाद परत मिळविण्याची व्यवस्था त्यांनी आरंभीच्या वर्षांत करावयाची आहे. ही केंद्रे वाढत असताना कसबी कारागिरांनाही त्यांत स्थान मिळाले, तर त्यांचा अनुभव वाया जाणार नाही आणि त्यांचे आरोग्यही राखले जाईल.

ही कल्पना अगदीच नवी नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९३० च्या सुमारास आपल्या कारखान्यात जुन्या मोटारी ओळीने मोडण्याची सोय केली होती. फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीने १९४९ पासून शॉइझी-ल-र्वा येथील कारखान्यात जुनी इंजिने उघडून, दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखी करण्याचे काम चालविले. आता विचार याच्याही पुढे गेला आहे. गाडी मोडावयाची कशी, हे ती घडविण्यापूर्वीच ठरवावे, असे तज्ज्ञ सांगतात. भाग चिकटविण्याऐवजी स्क्रूने जोडावेत, प्लास्टिकच्या जाती मोजक्या ठेवाव्यात, प्रत्येक भागावर त्याच्या पदार्थाची खूण असावी. खाणीतून कारखान्यात, कारखान्यातून घरी आणि घरातून उकिरड्यावर असा सरळ रस्ता न ठेवता, शेवटचे टोक पुन्हा पहिल्या टोकाला जोडावयाचे, यालाच चक्राकार अर्थव्यवस्था असे म्हणतात.

गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या मोटारीकडे आता पुन्हा पाहा. तिची किंमत शून्य नाही. तिच्या पत्र्यात उद्याच्या पोलादाचा गज आहे आणि तिच्या तारांत नव्या यंत्राचे तांबे आहे. मात्र तिच्या पोटात तेल आणि शिसेही आहे. योग्य हातांत पडली, तर ती धन होईल; तशीच कुजू दिली, तर तिच्यातील विष एखाद्या पावसाळ्यात उल्हास नदीपर्यंत पोहोचेल. नदीचे पाणी अखेर आपल्याच घागरीत येते, हे त्या मोटारीच्या मालकाने आणि आपण सर्वांनी लक्षात ठेवले पाहिजे.