उद्याची भाकर कोणाच्या भरवशावर?

१८९८ हे साल पंडिता रमाबाईंसाठी हिशेबाचं साल होतं. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी, विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं आणि ती मुदत संपत आली होती. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात बाईंनी जमीन घेतली ती याच काळजीपोटी. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत होता. बेत शहाणपणाचा, पण १८९६–९७च्या दुष्काळाने तो मोडून टाकला. मध्य प्रांतातून बाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुली ठेवायला सरकारची मनाई, म्हणून केडगावच्या मळ्यातच झोपड्या उभ्या राहिल्या. झाडांना फळ धरण्याआधी खाणारी तोंडं आली.

१८९८च्याच मार्चमध्ये ब्रिस्टलला अनाथगृहं चालवणारे जॉर्ज म्यूलर ब्याण्णव वर्षांचे होऊन वारले. आयुष्यभरात त्यांच्या हातून सुमारे पंधरा लाख पौंड अनाथांवर, शाळांवर आणि मिशनकार्यावर खर्च झाले होते. मागे उरलेली त्यांची स्वतःची मालमत्ता मात्र जेमतेम १६० पौंडांची, त्यातही बरीचशी पुस्तकं आणि घरातलं सामान.

पैशावर विसंबायचं की देवावर, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या जन्मापासूनचा. कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला आणि त्याच रात्री मेलेला श्रीमंत शेतकरी येशूच्या दाखल्यात आहे. पाखरं आणि रानफुलं डोंगरावरील प्रवचनात आहेत. प्रवचनं बहुधा इथेच थांबतात. मला जास्त कुतूहल वाटतं ते ही वचनं शब्दशः मनावर घेणाऱ्या माणसांचं, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांचं.

इजिप्तमधल्या अँथनीचंच पाहा. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने चर्चमध्ये शुभवर्तमानाचं वाचन ऐकलं आणि वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली. धाकट्या बहिणीसाठी थोडं राखून ठेवलं होतं. पुढे उद्याची चिंता करू नका हे वचन कानावर पडलं, तेव्हा तेही वाटून टाकलं, बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन केलं आणि स्वतः तपाला निघून गेला. त्याचं चरित्र अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने लिहिलं, ते शतकानुशतकं वाचलं गेलं. बहिणीला या व्यवस्थेबद्दल काय वाटलं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या बंधूंना नाण्याला हातसुद्धा लावू दिला नाही. त्याच्या मागे संघ वाढला, मठ झाले, मग ही मालमत्ता कोणाची? कागदोपत्री पोपची, वापर बंधूंचा, अशी तोड निघाली. १३२२ साली पोप बाविसावे जॉन यांनी ती मोडीत काढली आणि मोठा वाद पेटला. जुन्या गोव्यात बॉम जीझस पाहून रस्ता ओलांडला की सेंट फ्रान्सिसचं चर्च लागतं. आतली वेदी सोन्याच्या वर्खाने झळझळते. ज्याच्या नावाने हे सगळं उभं आहे, तो माणूस तिथे क्षणभर तरी टिकला असता का?

म्यूलरांची गोष्ट वेगळी पडते, कारण त्यांनी भरवसा आणि हिशेबवही एका टेबलावर ठेवली. हा प्रशियात जन्मलेला, हाले इथे शिकलेला तरुण. हाले म्हणजे आउगुस्ट हेरमान फ्रांके यांच्या अनाथाश्रमाचं गाव. तरंगमबाडीला १७०६ मध्ये उतरलेला मिशनरी त्सीगेनबाल्गही त्याच हालेच्या वर्तुळातला. म्यूलर इंग्लंडला गेले, टेनमथला पाळक झाले आणि १८३० मध्ये त्यांनी पगार सोडला. पगार यायचा तो चर्चमधल्या बाकांच्या भाड्यातून. पुढची बाकं पैसेवाल्यांची, मागची गरिबांची. त्यांना ते खटकलं. १८३६ मध्ये ब्रिस्टलला अनाथगृह सुरू झालं, १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती झाल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. नियम दोन : कोणाकडे मागायचं नाही आणि उधार घ्यायचं नाही.

मात्र दरवर्षी ते अहवाल छापत. कोणत्या दिवशी किती आलं, कुठे गेलं, कोणत्या सकाळी तिजोरी रिकामी होती, सगळं त्यात. टीकाकार म्हणत, हीच मागण्याची रीत झाली. टीकेत तथ्य आहे. पण जाहीर हिशेब ज्याला जड जात नाही, त्याच्या श्रद्धेवर विश्वास ठेवायला मी तयार आहे.

म्यूलरांचे मेव्हणे अँथनी नॉरिस ग्रोव्ह्‌ज यांचं नशीब तसं नव्हतं. एक्झिटरला दातांचा दवाखाना जोरात चालू असताना त्यांनी १८२५ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि ख्रिस्ती माणसाने साठवून ठेवू नये असं मांडलं. मग व्यवसाय सोडला आणि बगदादमार्गे हिंदुस्थानात आले. चित्तूरला त्यांनी शेती आणि रेशमाचा उद्योग मांडला तो इथल्या सेवेकऱ्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. तो तोट्यात गेला आणि साठवू नका म्हणणारा माणूस कर्जात अडकला. ग्रोव्ह्‌जबद्दल प्रवचनात फारसं बोललं जात नाही. बोललं पाहिजे.

रमाबाईंनी म्यूलर आणि हडसन टेलर, जॉन पेटन या मिशनऱ्यांची चरित्रं वाचली होती. परदेशात असं देवावर विसंबून राहता येतं तर हिंदुस्थानात का नाही, हा प्रश्न त्यांना पडला, आणि केडगावचं मुक्ती मिशन हे त्याचं उत्तर. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. बाई प्रार्थनेला बसत, तशाच विहिरी खणून घेत. हातमाग चालू होते, छापखाना चालू होता, शेती होती, अंध मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं. बायबलचा मराठी अनुवादही बाईंनी तिथेच केला. ज्या बाईने लहानपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गमावली, तिने देव देईल असं म्हणणं आणि भरल्या पोटी तेच म्हणणं यांत फरक आहे. मला या साऱ्या मालिकेत बाईंचा भरवसा सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो एकटीच्या जिवाचा नव्हता. दोन हजार ताटं रोज वाढायची होती.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा भरवसा कवीचा. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करू पाहिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. इथे मात्र आपल्याकडे अँथनीच्या बहिणीपेक्षा भाग्यवान साक्षीदार आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांचा हात किती सैल होता आणि त्याची झळ स्वयंपाकघरात कशी पोचत होती, ते हसत हसत कळतं. चूल पेटवायची जबाबदारी ज्याची नसते, त्याला उद्याची चिंता सोडणं सोपं जातं, हे लक्ष्मीबाई कुठेही फणकाऱ्याने म्हणत नाहीत. वाचणाऱ्याच्या लक्षात येतं.

स्कॉटलंडच्या पाळकांनी हीच अडचण निराळ्या तऱ्हेने हाताळली. पाळक वारला की विधवेला आणि मुलांना चर्चचं घर सोडावं लागे. १७४४ मध्ये रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाळकांनी, गणिती कॉलिन मॅक्लॉरिन यांच्या मदतीने, मृत्युमानाचे आकडे मांडून विधवा निधी उभा केला. आयुर्विम्याच्या इतिहासात हे मोठं पाऊल धरतात. या दोघांचा देवावर विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? शेजारणीच्या उद्याची काळजी वाहायला येशूने कुठे मनाई केली आहे?

दुसऱ्या टोकाला समृद्धीचा संदेश देणारे आहेत. देवाला द्या, म्हणजे दामदुपटीने परत मिळेल, हा त्यांचा सूर; अमेरिकेतल्या दूरदर्शनवरून तो जगभर पोचला. २००७ मध्ये तिथल्या सिनेटर ग्रासली यांनी अशा सहा संस्थांकडे हिशेब मागितले, तेव्हा काहींनी देण्याचं टाळलं. म्यूलरांच्या छापील अहवालांशेजारी ही घटना ठेवली की पुढे बोलायला फार उरत नाही.

अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मात्र विमाच नाकारला. म्हातारपणी आपली मंडळी सांभाळेल, सरकारी विमा हा देवावरचा अविश्वास, अशी त्यांची धारणा. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियात सामाजिक सुरक्षा कर न भरल्याबद्दल एका आमिश शेतकऱ्याचे नांगराला जुंपलेले घोडे कर खात्याने जप्त केले. बोभाटा झाला आणि १९६५ मध्ये स्वतःचं काम करणाऱ्या आमिशांना करातून सूट मिळाली. अट अशी की त्यांनी लाभही घ्यायचे नाहीत. मग एका आमिश मालकाने आपल्या कामगारांच्या नावचा कर भरायलाही नकार दिला. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं एकमताने फेटाळलं : मालकाने आपली श्रद्धा कामगारांवर लादू नये. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा सैल केला खरा, पण मालक आणि कामगार दोघेही त्याच श्रद्धेचे असतील आणि दोघांनीही आपापल्या सहीने सूट मागितली असेल, तरच.